शर्यत राहू द्या, पात्रता फेरी बघा

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांचा वेळ वाचेल. ‘इंडी ५००’, म्हणजे इंडियानापोलिसची पाचशे मैलांची मोटार शर्यत, घरच्यांना दाखवायची असेल तर शर्यतीच्या दिवशी जाऊ नका. त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी जा. शर्यतीत कोण उतरणार आणि कोण सामान बांधून घरी जाणार, हे त्या दोन दिवसांत ठरतं. मोटार शर्यतींच्या जगात याहून चांगला कौटुंबिक दिवस मला माहीत नाही.

मी इंडियानातल्या कोलंबसला राहते. ट्रॅक इथून तासाभरावर. गेली काही वर्षं मे महिना आला की मी इथल्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकते, ‘क्वालिफाइंगला येताय का?’ उत्तरंही ठरलेली असतात. ‘म्हणजे खरी रेस नाही ना?’ ‘नुसतं टायमिंग घेतात ना?’ ‘एकेक गाडी फिरताना काय बघायचं?’ एका काकांनी तर लिहिलं, ‘प्रिलिम कोण बघतं? आम्ही डायरेक्ट निकाल बघतो.’ त्यावर अठरा अंगठे आले.

माझं भांडण या अठरा अंगठ्यांशी आहे. आपल्याला निकाल हवा असतो, फोटो हवा असतो, ‘आम्ही जाऊन आलो’ हे सांगायला हवं असतं. एखादी गोष्ट ठरताना बघण्यात मजा असते, हे आपण विसरलो आहोत. आणि मुलांनाही विसरायला शिकवतो आहोत.

आधी व्यवहाराचं बोलू

शर्यतीच्या दिवशी तिथे तीन लाखांवर माणूस जमतो. पहाटे निघा, रांगेत गाडी ढकला, ठरलेल्या सीटवर ठरलेल्या कोनातून बसा. तेहतीस गाड्या समोरून गेल्या की पुढच्या वेळी त्या येईपर्यंत पुढच्या माणसाची टोपी बघा. विसाव्या फेरीनंतर माझा सात वर्षांचा मुलगा ‘आता कोण पुढे आहे?’ विचारणार आणि मला ते सांगता येणार नाही, कारण गाड्या पुढे-मागे झालेल्या असतात, काही पिटमध्ये गेलेल्या असतात. बाहेर पडायला लागणारा वेळ वेगळाच.

पात्रता फेरीचं तिकीट त्या मानाने किरकोळ. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. बहुतेक स्टँडमध्ये मोकळं फिरता येतं. सकाळी पहिल्या वळणावर बसा, दुपारी मातीच्या उंचवट्यावर गवतात चादर टाका. घरून डबा नेता येतो, फक्त काचेची बाटली चालत नाही. आमच्या कूलरमध्ये दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ताक असतं. ट्रॅकच्या आत संग्रहालय आहे, आणि गोल्फच्या मैदानाची चार होल्ससुद्धा. यावर माझ्या सासऱ्यांचा, नानांचा, अजून विश्वास बसलेला नाही.

पण स्वस्त आहे म्हणून जा, एवढंच मला सांगायचं नाही. तेवढ्यासाठी मी ग्रुपवर भांडले नसते.

अडीच मिनिटांचा पेपर

पात्रता फेरी चालते कशी, ते आधी बघू. ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे साधारण चार किलोमीटरचा. एका वेळी त्यावर एकच गाडी. ओळीने चार फेऱ्या मारायच्या, त्यांचा सरासरी वेग मोजायचा. चार फेऱ्यांची ही पद्धत १९२० साली सुरू झाली. आजच्या गाड्या ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास धावतात, त्यामुळे सगळा खेळ जेमतेम अडीच मिनिटांत आटोपतो. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. ‘त्याने मला अडवलं’ म्हणायची सोय नाही.

पहिली फेरी वेगाची असते. मग टायर तापतात, झिजतात, पकड सुटत जाते आणि चौथ्या फेरीपर्यंत गाडी वळणावर बाहेरच्या भिंतीकडे सरकायला बघते. चालक आतल्या आत गाडीचा तोल थोडाथोडा बदलत तिला धरून ठेवतो. स्पीकरवर प्रत्येक फेरीचा आकडा येतो. माझी अकरा वर्षांची मुलगी तो वहीत लिहिते. आकडे हळूहळू उतरत गेले तर ती मान डोलावते. तिसऱ्या फेरीला आकडा एकदम घसरला की ‘गेला’ म्हणते. पहिल्या वर्षी तिला यातलं काही कळत नव्हतं. दुपारी तीन वाजेपर्यंत कळायला लागलं होतं. एका दिवसात एवढी समज देणारा दुसरा खेळ दाखवा.

त्यात हवामान आलं. ट्रॅक थंड असेल तर गाडी पळते, ऊन चढलं की मंदावते. कुणी कधी धावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. सकाळची चिठ्ठी निघाली तर नशीब, भर दुपारची निघाली तर भोगा. मग पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर दोन रांगा असतात. एका रांगेत तुमची आधीची वेळ शाबूत राहते, पण नंबर लागेलच याची खात्री नाही. दुसऱ्या रांगेला प्राधान्य आहे, पण तिथे उभं राहायचं तर आधीची वेळ मागे घ्यावी लागते. हातातलं सोडायचं आणि नव्याने कमवायचं. एखादा ढग सूर्यावर आला की सगळा पिट जागा होतो आणि लोक गाड्या ढकलत रांगेकडे नेतात. ढगाकडे बघून तीस-चाळीस इंजिनिअर घाम पुसताहेत, हे दृश्य मला शर्यतीच्या दिवशी कधी दिसलं नाही.

‘ही तर बारी’

नाना खेड तालुक्यातले. पहिल्यांदा त्यांना नेलं तेव्हा ते केवळ आमच्या भिडेखातर आले होते. कानांवर मोठे इअरमफ, डोक्यावर गांधी टोपी. तिसरी गाडी धावून गेली तेव्हा त्यांनी एक कान मोकळा केला आणि म्हणाले, ‘अगं, ही तर बारी आहे.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे बैलगाड्या गटागटाने एकत्र सोडतात. पण खेड, जुन्नर, आंबेगाव या भागात घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि हिशेब सेकंदांचा. एका गाड्याची धाव म्हणजे एक बारी. गाडामालक वर्षभर बैलांना खाऊ-पिऊ घालतो, जपतो, आणि त्या सगळ्याचा निवाडा काही सेकंदांत लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा आहे आणि तो इथे दोन ओळींत मिटणार नाही. मला एवढंच दाखवायचंय की घाटावर बसलेला माणूस ‘खरी शर्यत कधी सुरू होणार?’ असं विचारत नाही. घड्याळाविरुद्ध एकट्याने पळणं हीच त्याच्यासाठी शर्यत.

म्हणजे हा खेळ कसा बघायचा ते आपल्याकडच्या लोकांना पिढ्यान्पिढ्या येतं. ‘नुसतं टायमिंग’ म्हणून नाक मुरडणं हे आपण शहरात येऊन शिकलो. ग्रुपवरच्या काकांना समजावण्यात माझे दोन मे गेले. नानांना तीन गाड्या पुरल्या.

डिझेल आणि कोथरूड

आमच्या या कोलंबसमध्ये इतकी मराठी माणसं का, याचं उत्तर कमिन्समध्ये आहे. कंपनीचं मुख्यालय इथे, आणि १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. कोथरूडमधून कोलंबसला येणारी वाट तेव्हापासूनची.

याच कंपनीने १९५२ साली इंडी ५०० साठी डिझेल गाडी आणली. डिझेल म्हणजे ट्रकचं इंधन, लोक हसले असणारच. फ्रेड अ‍ॅगाबाशियन या चालकाने पात्रता फेरीत ताशी १३८.०१० मैलांची सरासरी काढली आणि ट्रकच्या इंधनावर चालणारी गाडी सगळ्यांच्या पुढे, पोलवर उभी राहिली. टर्बोचार्जर लावलेली ती इथली पहिली गाडी. प्रत्यक्ष शर्यतीत काय झालं? ट्रॅकवरचा रबराचा कचरा टर्बोच्या तोंडाशी अडकला आणि सत्तर-एकाहत्तर फेऱ्यांनंतर गाडी बाद. क्रमांक सत्ताविसावा.

काकांच्या हिशेबाने ही गाडी फेल. पण आज तिची आठवण निघते ती सत्ताविसाव्या क्रमांकामुळे निघत नाही. एका वेगळ्या कल्पनेने चार फेऱ्यांत स्वतःला सिद्ध केलं, ते त्या शनिवार-रविवारी तिथे असलेल्या लोकांनी बघितलं. ज्यांनी ‘डायरेक्ट निकाल’ बघितला, त्यांच्या वाट्याला फक्त बिघाड आला.

मोठी माणसं बाहेर बसतात

आता मुद्द्याचं. शर्यतीत जागा तेहतीस. गाड्या त्याहून जास्त आल्या, तर सर्वांत मंद गाडी बाहेर. याला ‘बंप’ म्हणतात. नाव, गाव, कर्तृत्व कुणी विचारत नाही.

१९९५ साली आदल्या वर्षी जिंकलेला पेन्स्के संघ, अल अन्सर ज्युनिअर आणि इमर्सन फिटिपाल्डी असे दोन विजेते घेऊन आला आणि एकालाही जागा मिळवता आली नाही. २०१९ साली फर्नांडो अलोन्सो, दोनदाचा फॉर्म्युला वन जगज्जेता, मॅक्लॅरेनची गाडी घेऊन आला. मॅक्लॅरेनच्या प्रमुखांनी नंतर स्वतःच सांगितलं की चाचणीच्या तोंडावर त्यांच्याकडे स्टिअरिंग व्हील नव्हतं आणि शेवटच्या सेटिंगमध्ये इंचांचं मेट्रिक मापात रूपांतर करताना चूक झाली. दुसऱ्या बाजूला हुंकोस हा छोटा संघ. प्रायोजक सोडून गेलेले, शुक्रवारी गाडी भिंतीला आपटलेली. त्यांनी राखीव गाडी उभी केली. रविवारी सर्वांत शेवटी काइल कायझर धावला. कायझर २२७.३७२, अलोन्सो २२७.३५३. सोळा किलोमीटरच्या धावेत हा फरक जेमतेम सव्वा-दीड मीटरचा होतो. अलोन्सो घरी गेला. मॅक्लॅरेनला दुसऱ्याची जागा विकत घेता आली असती, त्यांनी ती घेतली नाही.

२०२३ साली ग्रॅहम राहाल याला बाहेर काढलं ते त्याच्याच संघातल्या जॅक हार्वीने, आणि संघ कुणाचा, तर ग्रॅहमच्या वडिलांचा भागीदारीतला. २२९.१६६ आणि २२९.१५९. फरक साधारण अर्ध्या मीटरचा. वडील बॉबी राहाल हेही बरोबर तीस वर्षांपूर्वी, १९९३ साली, इथेच असेच बाहेर राहिले होते. पिटमध्ये ग्रॅहमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

मी मुलांना हे बघायला नेते. आमच्या ग्रुपवरच्या मुलांचं आयुष्य बघा. स्पेलिंग बी, रोबोटिक्स, पियानो, अबॅकस. प्रत्येक गोष्टीला सर्टिफिकेट, प्रत्येक सर्टिफिकेटचा फोटो. या मुलांनी मोठ्या माणसाला हरताना बघितलेलंच नसतं. आईबाप हरले तर दार लावून हरतात. इथे पस्तिशीचा बाप्या, नाव असलेला, पैसा असलेला, हजारो लोकांसमोर हरतो, हेल्मेट काढतो, रडतो आणि ज्याने हरवलं त्याच्याशी हात मिळवायला जातो. माझ्या मुलीने त्या दिवशी वहीत दोघांचेही आकडे लिहिले. घरी जाताना तिने विचारलं, ‘तो आता काय करणार?’ मला हा प्रश्न शर्यतीच्या विजेत्याबद्दल कधी कुणी विचारलेला नाही.

मॅनेजमेंट कोटा नको

हे सगळं मी आत्ताच लिहिते आहे, त्याला कारण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये इंडिकारने ‘चार्टर’ पद्धत आणली. दहा संघांना मिळून पंचवीस चार्टर. ज्याच्याकडे चार्टर, त्याला मोसमातल्या प्रत्येक शर्यतीत जागा पक्की. अपवाद एकच, इंडी ५००. तिथे अजून धावूनच यावं लागतं. पण वर्षभर खेळणाऱ्या संघांना इथेही जागा पक्की द्या, ही मागणी जुनी आहे आणि ती मरत नाही.

त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. प्रायोजक वर्षभर पैसा ओततो तो मुख्यतः या एका रविवारसाठी. त्या रविवारीच गाडी नसेल तर पुढच्या वर्षी प्रायोजक नसतो, आणि प्रायोजक नसेल तर मेकॅनिकची नोकरीही नसते. हे खरं आहे. पण मग तो धोका छोट्या संघाच्या मेकॅनिकलाही आहेच की. शुक्रवारच्या अपघातानंतर राखीव गाडी उभी करणाऱ्या हुंकोसच्या लोकांना कुणी हमी दिली होती? मोठ्यांची नोकरी वाचवायला छोट्यांचं दार बंद करायचं, याला आपल्याकडे शब्द आहे: मॅनेजमेंट कोटा. (शब्द नीट वाचा. शतकानुशतकं ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांच्यासाठीचं आरक्षण ही वेगळी गोष्ट आहे. मी दाराच्या आत असलेल्यांनी पैसे भरून दार लावून घेण्याबद्दल बोलते आहे.)

‘मेरिट, मेरिट’ म्हणून नाचणाऱ्यांच्या गोटातही मला जायचं नाही. ही फेरी काही न्यायाचं मंदिर नव्हे. श्रीमंत संघाकडे चांगले इंजिनिअर, चांगले सुटे भाग, चांगले सिम्युलेटर असतात, आणि बहुतेक वर्षी तेच पुढे असतात. चिठ्ठीत नशीब असतंच. गाडी पात्र होते, चालक नाही, या नियमामुळे बाहेर पडलेला चालक दुसऱ्याच्या गाडीत बसून शर्यतीत येऊही शकतो. २०११ साली एका संघाने जागा विकत घेतली, २०२३ साली राहालला जखमी चालकाच्या जागी संधी मिळाली. पळवाटा आहेत. तरीही दार बोटभर उघडं असतं. त्या बोटभर फटीतून कायझर आत आला. ती फट बुजवली की उरेल ती नुसती मिरवणूक.

आणि हो, नियम मालकालाही लागू होतात. हा ट्रॅक आणि ही मालिका २०२० पासून रॉजर पेन्स्के यांच्या मालकीची आहे, आणि त्यांचा स्वतःचा संघही इथे धावतो. २०२५ च्या पात्रता फेरीत त्यांच्या दोन गाड्यांमध्ये परवानगी नसलेला बदल सापडला. त्यातली एक आधीची दोन वर्षं सलग जिंकलेल्या जोसेफ न्यूगार्डनची. दोन्ही गाड्या शेवटच्या रांगेत गेल्या आणि पेन्स्के यांनी आपल्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढलं. त्याच पात्रता फेरीत पोल कुणी घेतली? पहिल्यांदाच आलेल्या प्रेमा संघाच्या रॉबर्ट श्वार्त्झमनने, जो स्वतःही नवखा होता. १९८३ नंतर नवख्याने पोल घेण्याची ही पहिलीच वेळ. आणि हे सगळं शर्यतीच्या आठवडाभर आधी घडलं.

आता तुमचे आक्षेप

धोका आहे. १९८२ साली गॉर्डन स्मायली पात्रता फेरीतच गेला. २०१७ साली सेबॅस्टियन बोर्दे याचं कंबरेचं हाड मोडलं. २००२ पासून इथे धक्का शोषणाऱ्या भिंती आहेत, गाड्या आधीपेक्षा सुरक्षित आहेत, पण धोका संपलेला नाही. मी मुलांना हे आधी सांगते. गाडी आपटली की स्टँडमध्ये जी शांतता पसरते ती त्यांनी अनुभवली आहे. चालक बाहेर येऊन हात हलवेपर्यंत कुणी खात नाही, कुणी बोलत नाही. व्हिडिओ गेममध्ये ही शांतता नसते.

आवाज आहे. लहान मुलांच्या कानांवर मफ घालायलाच हवेत, यात हयगय नको. प्रदूषण आहे. २०२३ पासून या गाड्या नूतनीकरणक्षम इंधनावर धावतात, पण आपण सगळे तिथे पेट्रोल जाळतच पोचतो, तेव्हा त्याचा टेंभा मिरवायला नको.

राहिला शेवटचा आक्षेप, तुम्हा तरुण वाचकांचा. ‘पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये सगळं कळतं.’ निकाल कळतो, हे कबूल. पण तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला भारतच्या टीममध्ये रात्री जागवल्या आहेत, त्यांना विचारते. वर्षभर वर्कशॉपमध्ये हात काळे केले आणि गाडी ब्रेक टेस्टला अडकली. चारही चाकं एकदम लॉक होईनात. पुन्हा रांग, पुन्हा प्रयत्न, घड्याळ पुढे सरकतंय. तो तास तुम्ही कुठल्या रीलमध्ये बसवाल? तुमच्या आईवडिलांनी तो बघितला असता तर तुम्ही वर्षभर नेमकं काय करत होता, हे त्यांना ट्रॉफीच्या फोटोपेक्षा जास्त कळलं असतं.

इंडियानापोलिसला सगळ्यांना जाता येणार नाही. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला जा, चेन्नईला जा, कॉलेजच्या स्पर्धेला घरच्यांना घेऊन जा. जिथे जाल तिथे शर्यतीच्या आधीचा दिवस गाठा. वही न्या, टोपी न्या, डबा न्या. आणि शेवटचा तास संपायच्या आत ‘ट्रॅफिक लागेल’ म्हणून उठू नका. सर्वांत मंद गाडीचा चालक तेव्हा रांगेत उभा असतो, त्याच्याकडे एकच प्रयत्न उरलेला असतो, आणि त्याला बघायला स्टँडमध्ये माणसं असली पाहिजेत.